उंचावरची नजर आणि जमिनीवरचा पोलीस : वाई परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

दि. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. या दुर्घटनेत २९१ भाविक मृत्युमुखी पडल्याची नोंद असून काही वृत्तांत हा आकडा तीनशेच्याही पुढे नेतात. मृतांत स्त्रिया आणि मुले यांची संख्या मोठी होती. महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात एकाच यात्रेत इतकी जीवितहानी झाल्याची उदाहरणे विरळा आहेत. त्या दिवशी डोंगरावर पोलीस होते. परंतु गर्दीच्या आत उभ्या असलेल्या पोलिसास गर्दीचा आकार दिसत नाही. मंदिराच्या पायऱ्यांशी काय घडत आहे हे खालून चढणाऱ्यास कळत नव्हते, आणि खालून किती लोंढा येत आहे हे वर अडकलेल्यास कळत नव्हते. वरून पाहणारी नजर तेथे असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

जगातील अनेक पोलीस दलांनी या प्रश्नास हेलिकॉप्टर हे उत्तर दिले आहे. पोलीस हेलिकॉप्टर जमिनीवरील अधिकाऱ्यांस व सामान्य जनतेस नेमके कोणते साहाय्य करते आणि ते साहाय्य वाईसारख्या डोंगराळ प्रदेशात कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक दृष्टीने केला आहे. उंचावरून पाहणे ही या प्रदेशाला नवीन गोष्ट नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

गडावरची नजर

वाईच्या भोवती पाहिले असता सर्वत्र गडच दिसतात. उत्तरेस पांडवगड, दक्षिणेस वैराटगड, पश्चिमेस कृष्णा आणि वाळकी यांच्या खोऱ्यांमध्ये उभा असलेला कमळगड, आणि मांढरदेवाच्याच डोंगररांगेवर केंजळगड. या गडांचा विचार सामान्यतः लढायांच्या अनुषंगाने केला जातो. तथापि शांततेच्या काळात त्यांचे नित्याचे काम पहाऱ्याचे होते. घाटातून कोण चढले, कोणत्या वाडीवर धूर दिसला, नदीला उतार आहे की नाही, हे गडावरच्या माणसास प्रथम दिसे. गडाच्या घेऱ्यात राहणाऱ्या रामोशी, बेरड, कोळी आदी समाजांकडे रखवालीचे काम असे आणि त्याबद्दल त्यांना वतन किंवा गावाकडून ठराविक हक्क मिळत. वरून पाहणारा आणि खाली गावात ओळखीपाळखी असणारा माणूस येथे एकच होता, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर ही व्यवस्था मोडली. गडांवरील शिबंदी कमी करण्यात आली, रखवालदारांचे हक्क गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारे लोक उपजीविकेविना राहिले. पुरंदरच्या रखवालदार घराण्यात जन्मलेल्या उमाजी नाईक यांच्या उठावाची पार्श्वभूमी हीच आहे. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. त्यांना पकडण्यास कंपनी सरकारला लागलेली वर्षे पाहता, डोंगर ओळखणारा माणूस आपल्या बाजूस नसला की मोठी फौजही कशी चाचपडते हे दिसून येते. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. पुढे १८६७ मध्ये मुंबई इलाख्यात जिल्हा पोलीस आणि गावपोलीस यांविषयी स्वतंत्र कायदे झाले. जिल्हा पोलीस तालुक्याच्या ठाण्यात बसू लागला आणि गावाची खबर पाटलाकडून मागवू लागला. गडावरची नजर गेली. तिच्या जागी कागदावरची वर्दी आली.

या वर्दीची मर्यादा सुमारे पाऊण शतकाने, १९४२ नंतरच्या सातारा प्रतिसरकारच्या काळात, पूर्णतः उघडी पडली. क्रांतिसिंह नाना पाटील आणि वाईजवळच्या कवठे गावचे किसन वीर यांच्यासारख्या भूमिगत नेत्यांना गावे आश्रय देत राहिली. पोलिसांना खबर मिळेना. त्या वेळी ब्रिटिश सरकारपाशी विमाने होतीच. परंतु विमानातून ऊस दिसतो, उसात लपलेला माणूस कोणाच्या घरी जेवतो हे दिसत नाही. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

मांढरदेव

मांढरदेवाचे देवस्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,६५० फूट उंचीवर आहे. वाईपासून अंतर साधारण २० किलोमीटर; एक वाट वाईकडून घाटाने चढते, दुसरी भोरच्या बाजूने येते. माथ्यावरची जागा अरुंद. २००५ च्या यात्रेस तीन लाखांहून अधिक लोक जमले असावेत असा अंदाज वर्तविण्यात आला होता. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांस दुकाने थाटलेली होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. माणसे घसरली, त्यांच्यावर मागची माणसे पडली, आणि मागून येणारा रेटा थांबला नाही. नातलगांचे मृतदेह पाहून संतप्त झालेल्या जमावाने दुकानांना आगी लावल्या. दुकानांतील गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले आणि पळापळीत आणखी बळी गेले. घाटात वाहनांची कोंडी झाल्याने मदत वर पोहोचणे कठीण झाले. घटनेच्या चौकशीसाठी शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला.

या घटनाक्रमात दोन टप्पे वेगळे करणे अगत्याचे आहे. पहिला टप्पा चेंगराचेंगरीपूर्वीचा. गर्दी एका वाटेवर दाटत जाते तेव्हा धोक्याची खूण वरून स्पष्ट दिसते : पुढची माणसे थांबलेली असतात आणि मागची चालत असतात. जमिनीवरून ही खूण दिसत नाही, कारण प्रत्येकास फक्त पुढच्याची पाठ दिसते. या टप्प्यात आकाशातील निरीक्षक खरोखर उपयोगी पडू शकतो. मात्र त्याने पाहिलेली गोष्ट पायथ्याशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यास तत्काळ कळली पाहिजे आणि त्या अधिकाऱ्याने पाच-सात किलोमीटर अलीकडे वाहने व माणसे रोखून धरली पाहिजेत. लोंढा थांबतो तो खालीच. दुसरा टप्पा दुर्घटनेनंतरचा. त्या वेळी हेलिकॉप्टर माथ्यावर उतरविणे जवळजवळ अशक्य होते. उतरण्यास मोकळी, सपाट जागा लागते; पंख्याखालचा वारा धूळ, पत्रे, कापडी छत उडवितो; आगी लागलेल्या दुकानांवर तर तो आग भडकविण्याचेच काम करील. घाबरलेल्या जमावावर कमी उंचीवरून घिरट्या घालणारे यंत्र जमावास आणखी पळावयास लावते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच डोंगरावर, सकाळी उपकारक ठरणारे साधन दुपारी अपायकारक ठरू शकले असते. या भेदाकडे आपत्ती व्यवस्थापनाच्या चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही.

दुर्घटनेनंतरच्या वर्षांत प्रशासनाने जी पावले उचलली ती बहुतांशी जमिनीवरचीच होती. डोंगरावर पशुहत्या, वाद्ये, नारळ फोडणे, तेल वाहणे यांवर निर्बंध आले, यात्राकाळात मनाई आदेश निघू लागले, वाहतुकीचे व वाहनतळाचे नियोजन होऊ लागले. ही पावले भाविकांच्या जुन्या रिवाजांना मुरड घालणारी असल्याने त्यांविषयी नाराजीही व्यक्त झाली. तरीही पायऱ्यांवरचे नारळाचे पाणी थांबविणे हे त्या वाटेपुरते कोणत्याही विमानापेक्षा अधिक मोलाचे होते, असेच म्हणावे लागते.

आकाशातील पोलिसाचा उगम

पोलिसी कामासाठी आकाशाचा वापर गुन्हेगारांच्या पाठलागातून सुरू झाला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्याचे एक आरंभीचे उदाहरण गर्दीचे आहे. १९२१ मध्ये इंग्लंडमधील एप्सम येथील डर्बी शर्यतीच्या दिवशी आर-३३ या हवाई जहाजातून रस्त्यांवरील वाहतूक व गर्दी यांचे निरीक्षण करण्यात आले आणि माहिती बिनतारी यंत्रणेने खाली कळविण्यात आली. शर्यतीची जत्रा आणि देवीची जत्रा यांत भाव वेगळा असला, तरी एका दिवसापुरते लाखो लोक एका उंचवट्यावर जमणे आणि संध्याकाळी परतणे हा पोलिसांपुढील प्रश्न एकच आहे. हेलिकॉप्टर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले. न्यूयॉर्क पोलिसांनी १९४८ मध्ये ते वापरात आणले, तर लॉस एंजेलिस पोलिसांनी १९५६ मध्ये. हरवलेल्याचा शोध, पळणाऱ्या वाहनाचा माग, अंधारात शरीराच्या उष्णतेवरून माणूस ओळखणारे कॅमेरे, रात्री प्रखर दिव्याने खालील पथकास प्रकाश पुरविणे, जखमींची वाहतूक अशी कामे क्रमाने जोडली गेली. खालच्या शिपायास कोपऱ्यापलीकडे काय आहे हे आगाऊ कळणे, हा या सर्वांतील समान लाभ होय.

खर्च मात्र प्रचंड. इंग्लंड व वेल्समधील पोलीस दलांनी वेगवेगळी हेलिकॉप्टरे बाळगण्याऐवजी २०१२ मध्ये एक सामाईक राष्ट्रीय सेवा उभारली, त्यामागे काटकसर हे प्रमुख कारण होते. लॉस एंजेलिसच्या नगर लेखानियंत्रकांनी २०२३ मध्ये केलेल्या परीक्षणात पोलीस हेलिकॉप्टरांवर वर्षाला सुमारे ४ कोटी ६६ लाख डॉलर खर्च होत असल्याचे, आणि उड्डाणाचा सुमारे ६१ टक्के वेळ गंभीर गुन्ह्यांशी संबंध नसलेल्या कामांत जात असल्याचे आढळून आले. धोकाही आहेच. २९ नोव्हेंबर २०१३ रोजी ग्लासगो येथे पोलीस हेलिकॉप्टर एका मद्यगृहाच्या छपरावर कोसळून दहा जण ठार झाले, त्यांतील सात जण जमिनीवरचे नागरिक होते. सतत डोक्यावर घरघरणाऱ्या यंत्राविषयी गरीब वस्त्यांतील लोकांच्या तक्रारी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा.

सांगलीचा गृहमंत्री आणि गडचिरोलीचे आकाश

महाराष्ट्रात पोलिसांच्या कामी हेलिकॉप्टर नियमितपणे येते ते गडचिरोलीत, आणि त्या इतिहासाशी सांगली जिल्ह्याचा संबंध आहे. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील मांढरदेवच्या दुर्घटनेच्या वेळी राज्याचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री होते. नोव्हेंबर २००८ मधील मुंबई हल्ल्यानंतर त्यांनी पद सोडले, २००९ च्या अखेरीस ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि गडचिरोलीचे पालकमंत्रिपद त्यांनी स्वतःकडे घेतले. त्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्याचा तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्यू पावले. जेथे रस्ता हाच सापळा असतो तेथे हेलिकॉप्टर ही चैन राहत नाही. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोला येथील चकमकीत जखमी झालेल्या पोलिसांना हवाई मार्गाने नागपूरला हलविण्यात आले, आणि अशा प्रसंगी तासांचा हिशेब हाच जीविताचा हिशेब असतो.

तेथील हेलिकॉप्टरचे दुसरे रूप अधिक उद्‌बोधक आहे. निवडणुकीच्या काळात मतदान पथके व यंत्रे दुर्गम केंद्रांवर हवाई मार्गाने नेली जातात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा आजारी माणूस व अडलेली गरोदर स्त्री यांना दवाखान्यात नेण्यासाठी याच पोलिसी यंत्राचा उपयोग झाला आहे. बंदोबस्तासाठी आलेले साधन प्रसूतीसाठी वापरले जाते, तेव्हा पोलीस आणि आदिवासी गावे यांच्यातील नात्यात जो फरक पडतो तो आकड्यांत मांडता येण्याजोगा नाही. अर्थात, दवाखाना आणि पूल वेळेत झाले असते तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागली नसती, हेही तितकेच खरे आहे.

ढगांखालचा सह्याद्री

गडचिरोलीचे उदाहरण पाहून सातारा-सांगलीसाठीही तसेच साधन असावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु येथील भूगोल वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सुमारे ५७ फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वेळी नौदल, हवाई दल व तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे सांगली-कोल्हापूर भागात आली, अडकलेल्यांची सुटका व अन्नाची पाकिटे पोहोचविणे ही कामे झाली. सपाट प्रदेशात, पाऊस थोडा उघडला असता, हे शक्य झाले. परंतु ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना नेणारी बोट उलटली आणि स्त्रिया-मुलांसह अनेक जण बुडाले. आकाशात हेलिकॉप्टरे होती. त्या बोटीत पुरेशी जीवरक्षक जाकिटे नव्हती.

जुलै २०२१ मधील अनुभव याहूनही बोलका आहे. महाबळेश्वर येथे २२ जुलैच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या. वाई तालुक्यातही कोंढावळ्याची देवरुखवाडी दरडीखाली सापडली. रस्ते वाहून गेल्याने पथकांना चिखलातून पायी जावे लागले. काही दिवसांनी, २६ जुलै रोजी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे कोयनानगरकडे निघाले असता खराब हवामानामुळे त्यांचे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही आणि ते पुण्याला परतले. राज्याच्या प्रमुखास जेथे उतरता येत नाही, तेथे दरडीखालच्या माणसाने कोणाची वाट पाहावी? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आपत्ती आणि ढग एकाच वेळी येतात. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावरील आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून ३० जण मरण पावले, तेव्हा मृतदेह वर काढण्याचे काम दोर लावून उतरणाऱ्या स्थानिक गिर्यारोहकांनी पोलिसांच्या बरोबरीने केले. दरीतून वर चढून आलेल्या एकमेव वाचलेल्या प्रवाशामुळे अपघाताची वार्ता जगास कळली होती.

यावरून या प्रदेशापुरता एक ऋतुभेद स्पष्ट होतो. यात्रेची गर्दी पौषात जमते. आकाश निरभ्र असते, दूरवर दिसते. त्या वेळी वरची नजर चालते. दरडी आणि पूर आषाढ-श्रावणात येतात. तेव्हा घाटमाथ्यावर वरची नजर बहुधा आंधळी असते आणि दोर, फावडे, बोट, वाटाड्या यांवरच भिस्त ठेवावी लागते. मागणी मात्र प्रत्येक दुर्घटनेनंतर एकाच साधनाची होते.

यात्रेपुरता विचार केल्यास हेलिकॉप्टरची गरजही आता कमी झाली आहे. २०२१ मध्ये केंद्र शासनाचे ड्रोनविषयक नियम आल्यानंतर पोलीस दलांकडून ड्रोनचा वापर वाढला असून पंढरपूरच्या आषाढी वारीतील गर्दीवरही अलीकडे ड्रोनने लक्ष ठेवले जाते. तुलनेने अल्प खर्चात, वाऱ्याचा झोत न उठविता, मांढरदेवाच्या वाटेचे चित्र पायथ्याच्या कक्षात दिसू शकते. एप्समच्या हवाई जहाजाने जे केले तेच हे लहान यंत्र करते. पडद्यावर गर्दी दाटताना पाहून घाट बंद करण्याचा अधिकार कोणाला, आणि तो निर्णय किती मिनिटांत अमलात येतो, हे प्रश्न मात्र यंत्र सोडवीत नाही. शिवाय यात्रेकरूंचे चित्रण किती काळ जपावे आणि अन्य कोणत्या कामी वापरावे, याविषयी स्पष्ट संकेत ठरणे आवश्यक आहे. देवीच्या दर्शनास आलेली बाई संशयित नसते.

पावसाळ्यातील घाटमाथ्यासाठी कायद्यात एक जुनी तरतूद आजही आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटलाने गावातील गुन्ह्यांबरोबरच लोकांचे आरोग्य व गावाची सर्वसाधारण स्थिती यांची माहिती दंडाधिकाऱ्यास द्यावयाची असते. डोंगराला पडलेली भेग, ओढ्याचे अचानक गढूळ झालेले वा आटलेले पाणी, कललेली झाडे या गोष्टी गावाच्या सर्वसाधारण स्थितीतच मोडतात. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले, तेव्हा ते नाहीसे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते त्या मार्गावरून जाणाऱ्या एस. टी. चालकाच्या. वाई, जावळी, महाबळेश्वर आणि पाटण या तालुक्यांतील दरडप्रवण वाड्यांच्या पोलीस पाटलांना या खुणा ओळखण्याचे शिक्षण, पावसातही चालणारे बिनतारी संच, आणि वाडी रिकामी करण्याचा निर्णय रात्रीच्या रात्री घेता येईल इतका अधिकार देण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही. त्याच पाटलाने उन्हाळ्यात गावाजवळची हेलिकॉप्टर उतरण्याजोगी सपाट जागा, तारा व झाडांच्या नोंदींसह, ठाण्यास कळविली, तर ढग फाटल्यावर येणाऱ्या वैमानिकास घिरट्या घालीत जागा शोधावी लागणार नाही.